वेण्णा तलाव : आधी पिण्याचे पाणी, मग नौकाविहार

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
सातारा.

विषय : वेण्णा तलावाची स्वच्छता व नौकाविहाराची सुरक्षितता यांबाबत.

महोदय,

साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधलेला सुमारे २८ एकरांचा वेण्णा तलाव पर्यटकांना नावांमुळे आणि घोड्यांमुळे ठाऊक आहे. आम्हा रहिवाशांच्या घरात मात्र तो नळातून येतो. महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन्ही गावे याच तलावाचे पाणी पितात. म्हणून करमणुकीचे सर्व नियम पिण्याच्या पाण्याच्या हिशेबाने ठरावेत, ही आमची मूळ मागणी आहे.

सर्वांत तातडीचा प्रश्न काठावरच्या लिदीचा. पहिल्या वळवात ती सगळी वाहून तलावात उतरते. पावसाळ्यात तर तलाव भरून पाचगणी रस्त्यावर पाणी येते, तेव्हा काठावर काय साठले आहे याला फार महत्त्व येते. घोडेवाले आमचेच गावकरी आहेत. त्यांचा रोजगार बुडावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. रपेटीसाठी पाण्यापासून दूर, पाणलोटाबाहेर जागा द्यावी, तिथे घोड्यांना पिण्याच्या पाण्याची सोय करावी आणि लीद रोज उचलावी. तिचे खत स्ट्रॉबेरीच्या शेतांना चालेल, त्यामुळे हा खर्च वाया जाणार नाही. जागा ठरवताना घोडेवाल्यांना बैठकीत बसवावे, त्यांच्यावर हुकूम लादू नये.

नावांबाबत आम्हाला भीती वाटते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवलेली नाव उलटून सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. आपल्याकडेही शाळांच्या सहली येतात. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असावे, लहान मुलांच्या मापाचीही ठेवावीत, नावेवर माणसांची मर्यादा ठळक रंगवावी, बचाव नाव कायम तयार असावी आणि धुके किंवा जोराचा वारा असताना नौकाविहार थांबवावा.

गाळाचे मोजमाप करून तो उन्हाळ्यात काढावा. पाणलोटातील हॉटेलांच्या सांडपाण्याची तपासणी व्हावी. २००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा नवा अधिकार मागण्याची गरज नाही. पैसाही नवा लागणार नाही : प्रवासी कर आणि नौकाविहाराच्या उत्पन्नातील ठरावीक वाटा तलावासाठी राखून ठेवावा व त्याचा हिशेब दरवर्षी फलकावर लावावा.

वेण्णेचे पाणी इथे थांबत नाही. लिंगमळ्याच्या धबधब्यावरून ते कण्हेर धरणात आणि पुढे संगम माहुलीला कृष्णेत जाते. त्यामुळे हा प्रश्न एका गावापुरता मानू नये.

दिवाळीच्या गर्दीआधी सर्व संबंधितांची बैठक बोलवावी आणि घोड्यांच्या पर्यायी जागेचा निर्णय त्याच बैठकीत घ्यावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
महाबळेश्वर येथील रहिवासी