नाविकाची पाळी

११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हिंदी महासागरांत ‘बंगाल’ ही लहानशी हिंदी युद्धनौका व ‘ओंडिना’ हें डच तेलवाहू जहाज यांनीं दोन मोठ्या शस्त्रसज्ज जपानी जहाजांशीं झुंज दिली, व त्यांतील ‘होकोकु मारू’ बुडालें. ही कथा मुलांस फार आवडते. परंतु झुंजीपूर्वींचे दिवस कोणी विचारीत नाहीं! युद्धनौकेवर चार चार तासांचा पहारा, डेक घासणें, टांगत्या झोळींत मोडकी झोंप, रात्रीं बाहेर दिव्याचा कवडसाहि दिसूं द्यावयाचा नाहीं. सायंकाळीं चार ते आठ हा पहारा मात्र दोन दोन तासांत विभागीत. एरवीं मध्यरात्रीची पाळी नित्य एकाच्याच वांट्यास आली असती. (केवढी ही न्यायबुद्धि!) तोफेजवळ घटकाभर उभें राहणें कीर्तीचें खरें, पण रित्या समुद्राकडे रात्रभर डोळे ताणून पाहणाऱ्यास मी अधिक मानतों. पहांटे चारला त्याला हांका मारून उठवावयास त्याची आई तेथें नव्हती.