सुडोचा मोह

केनवडच्या एखाद्या पोरानं जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकलं, पायथॉन शिकायला घेतलं आणि पहिल्याच पॅकेजला पडद्यावर नकार उमटला, की सल्ला देणारा हजरच: पुढं सुडो लाव! जुन्या आवृत्त्यांत हा सल्ला लागू पडायचा, हीच त्याची खोड. सिस्टिमच्या पायथॉनच्या फोल्डरात लिहायचा हक्क रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा; सुडो तोच हक्क उसना देतो. लिनक्सची स्वतःची कितीतरी कामं त्याच पायथॉनवर चालतात. सुडोनं पिपला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला, तिथं मोकळं सोडलं, तर एखादी लायब्ररी बदलते आणि पुढं भलतंच काही बंद पडतं. म्हणून 2023 साली उबुंटूचा पाया असलेल्या डेबियनच्या 12व्या आवृत्तीनं पिपला तिथं मज्जावच केला. हा मज्जाव मोडायला ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय आहे. नावातच धोका सांगितलाय, तरी लोक बिनदिक्कत वापरतात. खरा उपाय व्हेनव्हचा: आपल्याच होम फोल्डरात वेगळं पायथॉन उभं करायचं, ते चालू करून पॅकेजं तिथं घालायची. बिघडलंच, तर तेवढा फोल्डर पुसायचा. उबुंटूवर आधी ‘पायथॉन3-व्हेनव्ह’ एपीटीनं घ्यावं लागतं. तिथं सुडो रास्त. लिनक्सच नवं असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, तेही फुकट.