नापास झाली, म्हणून लग्न?

मुलाला एटीकेटी लागली की घरात क्लास लावायची बोलणी होतात. मुलीला लागली की स्थळं बघायची. ‘नाहीतरी तिच्या डोक्यात काही शिरत नाही,’ हे आपण किती घरांतून ऐकलं आहे!

खरंच शिरत नाही का? तोंडी विचारलं तर हीच मुलगी घडाघडा सांगते. कागदावर मात्र अक्षरांची उलटापालट, अर्धवट वाक्यं आणि संपलेली वेळ. ही अध्ययन-अक्षमता असू शकते. तिचा बुद्धीशी काही संबंध नाही.

वर्गात दंगा करणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत येतो, तपासणीला पाठवला जातो. मान खाली घालून घोकणारी मुलगी कुणाला दिसत नाही. बारावीपर्यंत पाठांतर तारून नेतं. कॉलेजात पुस्तकं जाड होतात, भाषा इंग्रजी होते आणि ती बुडते.

१९९५च्या अपंग कायद्यात या अक्षमतेचं नावही नव्हतं. २०१६च्या कायद्यात ते आलं. तरी २०२१मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीला हक्काचा जादा तास नाकारून तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्यावर अन्याय झाला, असं न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ रोजी स्पष्ट सांगितलं. पण किती जणी कोर्टापर्यंत पोचतील? साध्या तपासणीचं नाव काढलं तरी घरचे म्हणतात, ‘असला कागद हातात आला तर लग्न कोण करील?’

म्हणून मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त शिक्षणतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. १९९७च्या विशाखा निकालानंतर कॉलेजांत तक्रार समित्या व्हाव्यात म्हणून आपण पाठपुरावा केला. तसाच आता मोफत तपासणी, जादा वेळ, लेखनिक आणि जाणकार समुपदेशक यांसाठी करायला हवा. ही मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे.

आणि थोडं आपल्याकडेही पाहू. केंद्रात आलेल्या बाईला आपण मारहाणीचं विचारतो, हुंड्याचं विचारतो. ‘कॉलेज का सुटलं?’ हे किती वेळा विचारतो? ‘नापास झाले’ एवढं उत्तर मिळालं की पुढच्या प्रश्नाकडे वळतो. यापुढे तिथे थांबू या. ‘वाचताना काय व्हायचं?’ एवढं तरी विचारू या.