नळाला पाणी नाही म्हणून अण्णांनी नाचायचं नाही का?

परवा कॉलनीच्या ग्रुपवर एक साधा मेसेज टाकला. पार्किन्सन्स असलेल्या लोकांसाठी आठवड्यातून दोनदा नृत्याचा वर्ग सुरू करायचाय, कुणाच्या ओळखीत तळमजल्यावरचा हॉल असेल तर सांगा. तीन मिनिटांत पहिलं उत्तर आलं, "इथं आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही आणि तुम्हाला नाच सुचतोय?" त्याला पटापट अकरा अंगठे. दुसरं उत्तर, "या वयात नाचायचं? देवाचं नाव घ्या म्हणावं." तिसऱ्यानं नुसता हसणारा चेहरा टाकला.

ग्रुपवर वाद घातला नाही. सकाळी जिन्यात तोंडं पाहायची असतात. इथं घालतो.

आधी अण्णांबद्दल. आमचे अण्णा चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झाले. नऊ वर्षांपूर्वी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. आम्ही म्हणालो अशक्तपणा असेल. मग सही बारीक होत गेली, इतकी की बँकेनं परत पाठवली. मग चेहरा हलेनासा झाला. नातू काही गमतीचं बोलला तरी अण्णांच्या चेहऱ्यावर काही उमटेना, पोरगं म्हणायचं आजोबा रागावलेत. आता चालताना मध्येच पाय जमिनीला चिकटतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हमखास. माणूस उभा आहे, पुढं जायचंय, ताकद आहे, पण पाऊल उचलत नाही. एकदा टीव्ही सेंटरच्या चौकात रस्ता ओलांडताना असेच थिजले, तर एक रिक्षावाला ओरडला, "क्या चाचा, दिन में ही पी लिये क्या?" ज्यांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही, त्यांना. त्यानंतर चार महिने अण्णा घराबाहेर पडले नाहीत.

आता दुसरं दृश्य. शेजारच्या मंदिरात एकादशीचं भजन. अण्णांना धरून नेलं, खुर्चीवर बसवलं. पखवाज सुरू झाला, टाळ सुरू झाले, मंडळी पावली खेळायला उभी राहिली. अण्णाही उठले. एका बाजूनं मी धरलेलं, पण पाऊल त्यांचंच. पुढं, मागं, पुढं, वळण. दहा-बारा मिनिटं. एकदाही अडकले नाहीत. भजन संपलं, पखवाज थांबला आणि देवळाच्या पायरीशी पाय पुन्हा चिकटले.

आई म्हणाली पांडुरंगाची कृपा. असेल. पण डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, यात नवल काही नाही, हे पुस्तकात आहे. पार्किन्सन्समध्ये मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. आपण चालतो तेव्हा "आता डावा, आता उजवा" असा विचार करत नाही, ते आपोआप होतं. नेमकं हे आपोआप चालवणारं यंत्र बिघडतं. बाहेरून ठेका मिळाला, नाहीतर जमिनीवर आडव्या पट्ट्या दिसल्या, की मेंदू दुसऱ्या वाटेनं तेच काम करून घेतो. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर सेल्फ-स्टार्टर गेलाय, धक्का दिला की गाडी चालते. (हे वाक्य त्यांचंच. सांगताना चेहरा हलला नाही, पण डोळे हसले.)

तर हा ठेका आठवड्यातून दोनदा, शिस्तीनं, शिकलेल्या माणसाकडून मिळावा, एवढीच मागणी आहे. यात मी काही नवीन शोधलेलं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं तिथल्या पार्किन्सन्स गटाबरोबर २००१ साली असा वर्ग सुरू केला. आता तो नमुना अनेक देशांत चालतो. अमेरिकेचं राहू द्या. आपल्या पुण्यात कथक आणि समकालीन नृत्य करणारे हृषीकेश पवार यांनी २०१० मध्ये पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांना घेऊन वर्ग सुरू केला. साठी-सत्तरीतली मराठी माणसं, रिटायर झालेले अधिकारी, शिक्षिका, गृहिणी. आयुष्यात वरातीतही न नाचलेली. ती नाचली. म्हणजे "आपल्याकडे हे चालत नाही" हा मुद्दा पंधरा वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. पुणे इथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. ज्याला उंबरा ओलांडता येत नाही, त्यानं एका तासाच्या वर्गासाठी तेवढा प्रवास करायचा का?

आता "पुरावा काय?" म्हणणाऱ्यांसाठी. प्रश्न रास्त आहे, आणि विचारलाच पाहिजे. कोक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये पार्किन्सन्समधल्या व्यायामावरच्या दीडशेहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात नृत्यामुळे हालचालींच्या त्रासात मध्यम स्वरूपाचा फायदा बहुधा होतो, असं निघालं. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास छापला. आठवड्याला नाचणारे १६ रुग्ण आणि न नाचणारे १६, तीन वर्षांचा हिशोब. नाचणाऱ्यांची घसरण बरीच कमी दिसली. अभ्यास लहान आहे, आणि जे मुळात उत्साही तेच नाचायला येतात ही शंका घेता येते. मीही घेतो. पण त्याच कोक्रेनचं दुसरं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, की निरनिराळ्या व्यायामांमध्ये डावं-उजवं करण्याइतका फरक फारसा सापडत नाही. मग जो व्यायाम माणूस सोडणार नाही, तो त्याचा व्यायाम. फिजिओनं अण्णांना कागदावर चौदा व्यायाम काढून दिले होते, नीट चित्रांसकट. तो कागद फ्रिजवर चिकटवलाय. तीन आठवडे झाले, मग नुसता कागद राहिला. भजनाला मात्र संध्याकाळी पाचपासून टोपी घालून बसलेले असतात.

नृत्यानं पार्किन्सन्स बरा होत नाही, हेही ठणकावून सांगतो. "सात दिवसांत कंप बंद" वाले पुडीवाले, स्टेम सेलच्या नावानं लाखो उकळणारे, आणि आता "नृत्योपचारानं मुळापासून इलाज" म्हणत दोन दिवसांच्या शिबिराला भरमसाट फी लावणारे, हे सगळे एकाच माळेचे मणी. गोळ्या चालूच ठेवायच्या, वेळेवर घ्यायच्या. उलट वर्गाची वेळही गोळी पाहून ठरवावी लागते. गोळीचा असर चढलेला असेल तेव्हा वर्ग, उतरताना नाही.

आता पाण्याकडे येतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपलं रडगाणं जुनंच आहे आणि ते खोटं नाही. पण या प्रश्नाचा सगळ्यात जास्त मार कुणाला बसतो ते पाहा ना. आमच्याकडे पाण्याचा वार असला की आई घर सोडत नाही. मोटार लावा, पाइप ओढा, ड्रम भरा, सगळं ती एकटी, गुडघे धरत. आणि तिच्याशिवाय अण्णांना बाहेर काढणारं दिवसा कुणी नाही. म्हणून वर्ग दोन वारी हवा, एक वार पाण्यात गेला तर दुसरा हाताशी राहावा. ज्यांच्या नावानं तुम्ही मला गप्प करताय, त्यांचाच दिवस पाण्यात जातोय. आणि पाणी येईपर्यंत बाकी सगळं थांबवायचं असेल तर गणपतीत डीजे कसा वाजतो? लग्नाच्या वराती निघतात, तेव्हा कुणी टँकरचा हिशोब मागत नाही. तरुण नाचला तर उत्साह, आणि बहात्तर वर्षांच्या माणसानं खुर्चीत बसून हात हलवले की चैन?

"देवाचं नाव घ्या" म्हणणाऱ्यांना तर काय सांगावं. वारीत काय करतात? पैठणला नाथषष्ठीला दिंड्या येतात त्या काय बसून जप करत येतात? आपल्या नावाच्या लेण्यांत, मकबऱ्यामागच्या डोंगरात, सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात नर्तकी कोरलेली आहे आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. बुद्धाच्या समोर. पाहुणे आले की आपण ते कौतुकानं दाखवतो. वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे पास मिळवायला ओळखी लावतो. महागामीसारखं गुरुकुल १९९६ पासून या गावात कथक आणि ओडिसी शिकवतंय. विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. फिजिओथेरपी शिकणारी पोरं आहेत. सगळं सामान गावात आहे, पण कुणी एका खोलीत आणत नाही.

आणि खोली कसली लागते? मी यादी केली तेव्हा मलाच हसू आलं. तळमजला, किंवा चालू असलेली लिफ्ट. चकचकीत टाइल्स नकोत, पाय सरकतो. हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, त्याही सरकतात. वीस जड खुर्च्या. एक स्पीकर. जवळ कमोडचं संडास, दाराला आतून कडी न लावताही बंद राहील असं. शिकवणारा एक आणि सांभाळायला तीन-चार जण. निम्मा वर्ग बसूनच होतो: खांदे, हात, बोटं, आणि हो, चेहरा. मग खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं. मग जमेल त्यांनी चालायचं, ठेक्यावर. गाणी कुठली? ज्यांना जी पाठ आहेत ती. कुणाला अभंग, कुणाला भुलाबाईची गाणी, कुणाला भीमगीतं, कुणाला ढोलक के गीत. या गावात गाण्यांचा तुटवडा नाही.

बायकांचं वेगळं सांगायला हवं. अण्णा निदान "पिऊन आलाय का" ऐकायला तरी बाहेर गेले होते. आमच्याच गल्लीत एक काकू आहेत, त्यांचा डावा हात कायम पदराखाली असतो. हळदी-कुंकवाला जात नाहीत, वाटी हातातून पडेल म्हणून. त्यांच्या घरात या दुखण्याचं नावसुद्धा घेत नाहीत, "तिला जरा थंडी सहन होत नाही" म्हणतात. औषधाची चिठ्ठी दहा मिनिटांत मिळते. पण आपल्यासारखीच हात थरथरणारी दुसरी बाई शेजारच्या खुर्चीत बसलेली दिसणं, हे कुठल्या मेडिकलवर मिळणार?

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत पार्किन्सन्स आहे. बहुतेक घरांना हे माहीतच नाही. त्याच कायद्याचं कलम २९ काढून वाचा. सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीनं भाग घेता यावा म्हणून शासनानं आणि स्थानिक प्राधिकरणांनी उपाय करायचे आहेत, आणि त्या उपायांच्या यादीत नृत्याचा शब्द चक्क लिहिलेला आहे. कला वर्गांच्या शेजारी. म्हणजे मी मेहेरबानी मागत नाहीये. शिवाय महापालिकांनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा, हा राज्याचा नियम आहे. त्या पाच टक्क्यांत वीस जड खुर्च्या आणि एक स्पीकर बसत नाहीत, असं कुणी मला लेखी द्यावं.

एका सभागृहाच्या कार्यालयात (नाव घेत नाही, माणूस बिचारा पोटासाठी बसलाय) मी विचारायला गेलो. "कार्यक्रम कुठला?" म्हणाले. सांगितलं. "मग सांस्कृतिक की वैद्यकीय?" मी म्हणालो दोन्ही. तर म्हणाले दोन्हीचा रकाना नाही. सांस्कृतिकला तिकीट आहे का ते सांगा, वैद्यकीयला डॉक्टरचं पत्र आणा. तिथंच आमची फाइल थिजली, अण्णांच्या पायासारखी. आणि दाखल्याचं एक उदाहरण. एका तपासणीला अण्णांना नेलं, तर सकाळची गोळी नेमकी चढलेली. साहेबांनी चालायला लावलं, अण्णा चालले, चांगले चालले. टक्केवारी चाळीसच्या खाली. घरी येऊन दोन तासांनी त्यांना बाथरूममधून उचलून आणावं लागलं. घड्याळ पाहून बदलणाऱ्या दुखण्याला एका चकरेत मोजायचं नसतं, एवढं तरी फॉर्ममध्ये लिहा.

दर ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन येतो. जेम्स पार्किन्सन या डॉक्टरचा जन्मदिवस, त्यानं १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन लिहिलं. त्या दिवशी आपण काय करतो? व्याख्यान, शाल-श्रीफळ, फोटो, चहा. पेशंट पहिल्या रांगेत दीड तास न हलता बसवलेले. न हलणं हाच ज्यांचा आजार आहे, त्यांना.

तर माझं म्हणणं असं. महापालिकेनं सिडको, गारखेडा आणि जुन्या गावात मिळून एकेक खोली आठवड्यातून दोनदा, सकाळी दहा ते साडेअकरा द्यावी. सकाळी दहाला नाट्यगृहाच्या तालमीच्या खोलीत, समाजमंदिरात, शाळेच्या तळमजल्यावर नेमकं कोण असतं? नगरसेवक असोत, माजी असोत, इच्छुक असोत, मत मागायला याल तेव्हा आमच्या दारात अण्णा खुर्चीवर बसलेले असतील. त्यांच्याशी हात मिळवा आणि हात कसा लागतो ते पाहा.

महापालिकेनं उत्तर देईपर्यंत थांबणार नाही. एका ओळखीच्या बाईंनी त्यांचा शिकवणीचा हॉल रविवारी द्यायचं कबूल केलंय. कथक शिकलेली एक मुलगी तयार आहे, तिच्या आजीला हाच आजार होता. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची दोन पोरं येतो म्हणालीत, आले तर खरं. जड खुर्च्या आठच जमल्यात, बारा हव्यात. लाकडी चालतील, जुन्या चालतील, फक्त डुगडुगणाऱ्या नकोत.

ज्यांच्या घरी पार्किन्सन्स आहे त्यांनी कमेंटमध्ये नाव लिहू नका. फक्त भाग लिहा. हडको, मुकुंदवाडी, शहागंज, सातारा परिसर, जो असेल तो. आणि पाण्याचा वार लिहा, म्हणजे वेळ ठरवता येईल.