ईपरचे बिगुल आणि नव शॅपेलचे कमळ

इंग्लंडमधील शाळांचे रग्बी संघ परदेश दौऱ्यावर निघतात, तेव्हा त्यांतील पुष्कळ संघ बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सची वाट धरतात. दुपारी स्थानिक मुलांशी सामना आणि रात्री आठ वाजता ईपर येथील मेनिन गेटखाली, बिगुलाच्या सुरात, स्तब्ध उभे राहणे! 1928 पासून हा शिरस्ता आहे. जर्मनांच्या ताब्यातील वर्षे तेवढी अपवाद. कमानीवर 54 हजारांहून अधिक नावे आहेत. 1914 चा इंग्लंडचा कर्णधार रोनाल्ड पोल्टन-पामर 5 मे 1915 रोजी याच परिसरात गोळीला बळी पडला; न्यूझीलंडच्या 1905 च्या विख्यात संघाचा कर्णधार डेव्ह गॅलहर 1917 मध्ये पाशेंदालला पडला. आपलाच खेळ खेळणाऱ्यांची थडगी पाहिलेल्या मुलाला इतिहास वेगळा शिकवावा लागत नाही. ज्यांनी ही योजना आखली त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु या कौतुकाला एक मर्यादा आहे. ईपरहून मोटारीने तासाभराच्या आत फ्रान्समधील नव शॅपेल हे गाव लागते. 10 मार्च 1915 रोजी तेथे झालेल्या हल्ल्यात जवळपास निम्मे सैन्य भारतीय होते. गढवाल रायफल्सचा गबरसिंह नेगी याच दिवशी शत्रूचे खंदक साफ करीत पुढे गेला आणि पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. 1927 साली उभारलेल्या तेथील स्मारकावर 4,700 हून अधिक भारतीयांची नावे आहेत. स्तंभाच्या माथ्याशी कमळ आहे, पायथ्याशी दोन वाघ आहेत. मात्र या दौऱ्यांच्या ठरीव मार्गात ते क्वचितच येते. ज्या इंग्लंड-स्कॉटलंड सामन्याचा चषक कलकत्त्यातील क्लबाने 1878 साली चांदीचे रुपये वितळवून घडवला, त्या खेळाच्या वारसांनी भारताला इतके सहज विसरावे?

इंग्रजांना दोष देऊन आपली सुटका मात्र होत नाही. आपल्याकडे विद्वानांचा एक वर्ग असा आहे की, त्याला हे सैनिक साम्राज्याचे भाडोत्री वाटतात. एप्रिल 1915 मध्ये ईपरला विषारी वायू सोडला गेला तेव्हा लाहोर डिव्हिजनचे जवान त्यात शिरले. मुखवटे कसले, ओले फडके तोंडाला बांधून! साम्राज्य परके होते, हे खरे. पण ते धैर्यही परके होते काय? राज्यकर्त्याचे पाप शिपायाच्या माथी मारणारा हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो?

आणि आपल्या शाळा? महागड्या शाळांच्या परदेश सहलींत बर्फातील खेळ, करमणुकीची उद्याने आणि खरेदी यांनाच जागा असते. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे त्यांची नावे इराकमधील बसरा स्मारकावर शोधावी लागतात. तेथे मुलांना नेणे अवघड, हे मान्य. पण सातारा जिल्ह्यातील अपशिंगे तर दूर नाही! ज्या गावाच्या नावातच 'मिलिटरी' आली, तेथे पुण्या-मुंबईच्या किती शाळांची बस जाते?

खेळासाठी परदेशी जाणारी मुले आपल्याकडे नाहीत असेही नाही. 2007 साली भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या वनवासी मुलांनी लंडनमध्ये 14 वर्षांखालील आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. त्यांचा गवगवा चार दिवसही टिकला नाही, ही गोष्ट वेगळी.

एप्रिल 2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी नव शॅपेलला जाऊन नतमस्तक झाले. तेव्हापासून हे नाव ठाऊक नाही, अशी सबब कोणत्याही मुख्याध्यापकाला सांगता येणार नाही. पॅरिसहून लिलपर्यंत वेगवान रेल्वेने सुमारे एक तास लागतो. तेथून नव शॅपेल मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. आयफेल मनोरा पाहायला गेलेल्या संघाचा त्यात फार तर एक दिवस मोडेल.