नाव सावित्रीमाईंचे, शहर कुणाचे?

पुण्याला महाराष्ट्राची 'सांस्कृतिक राजधानी' म्हणतात. 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' हे दुसरे बिरुद. ही बिरुदे मिरवणाऱ्यांना माझा एकच साधा प्रश्न आहे. परभणीच्या खेड्यातून गणेशखिंडीच्या विद्यापीठात एम.ए. करायला आलेल्या शेतमजुराच्या मुलीने या राजधानीत रात्री झोपायचे कुठे?

विद्यापीठ सरकारी आहे, फीचा प्रश्न शिष्यवृत्तीने सुटतो असे सांगितले जाते. पण शिक्षण म्हणजे फक्त फी नव्हे. वसतिगृहाच्या यादीत नाव लागले नाही की ती मुलगी 'कॉट बेसिस'च्या पाट्या वाचत फिरते. अशा मुलींसोबत मी खोल्या शोधत फिरले आहे. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव, मग 'नॉनव्हेज खाता का?' तिसऱ्या उत्तरानंतर खोली 'कालच गेलेली' असते. इथे जात कुणी उघड विचारत नाही, कारण विचारायची गरजच पडत नाही.

यावर सरकारचे उत्तर म्हणजे स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती 2016-17 मध्ये आली. पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000, निर्वाहाचे 8,000. आता हिशेब करा. निवासाला महिन्याला 1,667 रुपये, जेवणाला दिवसाला 88 रुपये. एवढ्यात पुण्यात राहून आणि दोन वेळ जेवून दाखवा! शिवाय घरमालक डिपॉझिट पहिल्याच दिवशी मागतो, अनुदान खात्यात पडेपर्यंत तो थांबत नाही.

मग ती मुलगी संध्याकाळी दुकानात काम धरते. ज्या वेळी तिची वर्गमैत्रीण जयकर ग्रंथालयात वाचत असते, व्याख्यान ऐकत असते, नाटकाला गेलेली असते, त्या वेळी ही बिले फाडत असते. परीक्षेत मागे पडली की 'गुणवत्ता नाही' हा शिक्का तयारच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यालाच सांस्कृतिक भांडवल म्हणतात: घरातून मिळालेली भाषा, पुस्तके, रीतभात, आणि त्यालाच गुणवत्ता मानणारी शिक्षणव्यवस्था. पुणे ज्यांची सांस्कृतिक राजधानी आहे, त्यांच्याकडेच हे भांडवल आहे.

'जिद्द असेल तर मार्ग निघतो' असे म्हणणाऱ्यांनी इतिहास वाचावा. शाहू महाराजांनी 1908 मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच 1925 मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. जिद्दीचे महत्त्व या दोघांना कळत नव्हते काय? प्रवेश दिला आणि छप्पर दिले नाही, तर दार अर्धेच उघडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

2014 मध्ये या विद्यापीठाला सावित्रीमाईंचे नाव मिळाले. आपणही पेढे वाटले. पण याच पुण्यात 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींना शिकवायला निघालेल्या माईंच्या अंगावर शेण फेकले गेले होते. आज शेण फेकत नाहीत, 'खोली गेली' म्हणतात.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या प्रत्येक गरजू विद्यार्थ्याला वसतिगृहाची हमी द्या. स्वाधारची रक्कम शहरातल्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडा. पहिला हप्ता प्रवेशाच्याच महिन्यात द्या.

आणि एक प्रश्न आपल्यालाही. याच शहरात आपल्यातल्या अनेकांचे फ्लॅट झाले. जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, मग चार मुलींच्या खोलीचे डिपॉझिट का निघत नाही? सरकारशी भांडूच. पण तोवर आपल्या घरातली एक कॉट तरी गावाकडून आलेल्या लेकीसाठी मोकळी ठेवू या.

जय भीम! जय सावित्री!