स्वस्थ कोण?

परवा केळव्याच्या एक आजी आमच्या पालघरच्या दवाखान्यात आल्या. समोर सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेल्या ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानाचे पोस्टर होते. आजींनी ते अक्षर लावून वाचले आणि म्हणाल्या, “डॉक्टर, बाईमाणसाला स्वस्थ बसायला मिळतं कुठं?”

बाकावर हशा पिकला, पण आजींचे मराठी बरोबर होते. पोस्टरवरचा ‘स्वस्थ’ हिंदी, म्हणजे निरोगी. तशा माणसाला आपण ठणठणीत म्हणतो. मराठीत स्वस्थ म्हणजे निवांत, जिवाला घोर नसलेला. मूळ संस्कृत शब्दाचा अर्थ ‘स्वतःच्या ठायी स्थिर’. सुश्रुताने स्वस्थ माणसाची लक्षणे सांगताना दोष, अग्नी, धातू यांच्या समतोलाबरोबर मन व इंद्रियांची प्रसन्नताही धरली आहे. हिंदीने त्यातले शरीर उचलले, मराठीने मन. आम्ही डॉक्टर मंडळी मात्र, मराठी असूनही, रिपोर्ट नॉर्मल आला की हिंदी अर्थाने मोकळे होतो!

संध्याकाळी मी बोईसरला बसतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण सांगत होता, “डॉक्टरसाहब, वैसे तो स्वस्थ हूँ, बस नींद नहीं आती.” रक्तदाब, साखर, सगळे ठीक. हिंदीत तो स्वस्थ, मराठीत पुरता अस्वस्थ. दर आठवड्याला पाळी बदलते. रातपाळी करून पत्र्याच्या खोलीवर यायचे तर शेजारी टीव्ही चालू. आपल्या शरीरातले घड्याळ उजेडावर चालते, त्यामुळे दिवसाची झोप तुटक होते. आणि ते घड्याळ जरा जुळू लागते तोच पाळी पुन्हा फिरते. अशांना झोपेच्या गोळ्या हव्या असतात. मी सहसा देत नाही. खिडकीला जाड काळा पडदा, पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद आणि घरच्यांनी दिवसा हाका न मारणे, एवढ्याने पुष्कळांना फरक पडतो. बाकीचे कारखान्यांच्या हातात आहे. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने फिरवल्या तर शरीराला कमी जड जातात; उलट क्रम टाळण्यात मालकाचा तोटा तो काय?

आता या शब्दाची दुसरी बाजू. ‘अस्वस्थ वाटतंय’ म्हणजे नुसती काळजी, असे धरून चालू नये. माझ्या उमेदीच्या काळात एक शिक्षक एवढेच म्हणत आले होते. मुलीचे लग्न तोंडावर होते. मी काळजीवर बोललो, पित्ताची गोळी दिली, घरी पाठवले. रात्री त्यांना हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले, पण चूक माझीच.

म्हणून वाचकांना सांगणे असे की, अचानक अस्वस्थ वाटू लागले आणि सोबत घाम, धाप, छातीत दडपण किंवा जबड्यात, हातात कळ असेल, तर सोडा पिऊन वाट पाहू नका. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसती अस्वस्थता असते. अशा वेळी रुग्णाला जिना चढवू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा वाहनाने जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि पोचताच ईसीजी काढायला सांगा.